आधी चाकू की आधी सलाईन

आमच्या इमारतीत कुणाचा नवरा कुठल्या प्लांटवर आहे हे विचारावं लागत नसे. गॅलरीतल्या दोरीकडं बघितलं की कळायचं. लाल प्लांटवाल्याची बनियन गुलाबी, निळ्यावाल्याची आकाशी, आणि आमच्या ह्यांची थेट हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखी. हे तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लागले तेव्हा मी नवी नवरी होते. बोईसरला येऊन पहिल्याच आठवड्यात उशीचा अभ्रा पिवळा झालेला बघितला आणि वाटलं, ह्यांना काहीतरी रोग आहे, माझ्या वडिलांना फसवलंय. शेजारीण पोट धरून हसली. ती पावडर अंगात मुरते, म्हणाली, कितीही अंघोळ केली तरी घामातून येत राहते. चांगले अभ्रे ट्रंकेत ठेव आणि जुन्या साड्यांचे शिव. मी शिवले. तेव्हापासून आमच्या घरात पिवळा हा आजाराचा रंग राहिला नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं तरी गावाकडची माणसं फोनवर विचारतात, डोळ्यांदेखत माणूस पिवळा होत होता आणि तुला दिसलं नाही? मी म्हणते, या इकडं. शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहा आणि ह्यातला कावीळ झालेला कोणता ते मला दाखवा. अजून कुणी आलेलं नाही.

अंगाला खाज सुटली होती. पण ती पावडर सगळ्यांनाच खाजायची, आमच्या घरात खोबरेल तेलाची बाटली स्वयंपाकापेक्षा त्यासाठीच जास्त लागायची. लघवी पिवळी व्हायची, तर त्या प्लांटवर सगळ्यांचीच होते म्हणायचे. आणि वजन उतरलं होतं, त्याचं तर आम्ही कौतुक केलं. झालं असं, की आदल्या वर्षी कारखान्याच्या तपासणीत ह्यांना शुगर निघाली. घराण्यात कुणाला नाही, ह्यांना पन्नाशी उलटल्यावर निघाली. माणूस तसा जिद्दीचा. चहातली साखर सोडली, भात सोडला, सकाळी चालायला जाऊ लागले, आणि बघता बघता पोट आत गेलं. पॅन्टा कमरेत घट्ट करून आणायला मी शिंप्याकडं खेपा घालत होते. इमारतीतले शुगरवाले ह्यांच्याकडं सल्ला घ्यायला यायचे आणि हे पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसून त्यांना उपदेश करायचे. मी म्हणायचे, आता काय, दुसरं लग्न करायला मोकळे झालात. त्यावर म्हणायचे, ‘बघितलीय एक, पण ती तुझ्यापेक्षा भांडखोर हाय.’

मग कारखान्याचा वर्षाचा शटडाऊन आला. सगळे प्लांट दुरुस्तीला बंद, ऑपरेटर घरी. दर शटडाऊनला दोन-चार दिवस गेले की ह्यांचा रंग उतरायचा, माणूस मूळ सावळ्यावर यायचा. ह्या वेळी अभ्रे पांढरे निघायला लागले. अंघोळीचं पाणी स्वच्छ वाहायला लागलं. आणि हे पिवळेच. मला वेगळाच संशय आला. मी म्हटलं, खरं सांगा, कुणाच्या जागेवर ओव्हरटाइमला जाताय? फिरायला म्हणून जाता आणि प्लांटवर घुसता. हे आईची शपथ घ्यायला लागले. मी म्हटलं, मेलेल्या आईच्या शपथा कशाला घेता, साबण घ्या.

त्याच रविवारी आम्ही केळव्याला गेलो. हे समुद्रात डुंबून वर आले आणि सुरूच्या झाडांखाली माझ्यासमोर बसून डबा खाऊ लागले. ऊन समोरून होतं. भाजी वाढायला म्हणून मी तोंडाकडं बघितलं आणि डोळे दिसले. बुबुळांच्या भोवतीचं पांढरं होतं ते सगळं पिवळं. डोळ्यांत काही पावडर मुरत नाही. मी डबा झाकला आणि म्हटलं, चला घरी. हे म्हणाले, अजून भाकरी हाय की. मला त्यांचा इतका राग आला, कारण मला भीती वाटली होती.

कावीळ म्हटल्यावर सगळी इमारत डॉक्टर झाली. तेल बंद, हळद बंद, उसाचा रस चालू. कुणीतरी मासवणच्या बाजूला माळ घालणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. आम्ही गेलो. त्यानं कसल्या तरी मुळ्यांच्या कांड्या दोऱ्यात ओवून ती माळ ह्यांच्या डोक्यावर ठेवली. म्हणाला, ‘तुमी काय करू नका. ही वाढंल, गल्यात येल, मग पोटावर येल. खाली उतरली का कावीळ गेली समजा. आमी लोकांना पैसं मागत नाय, मनाला येल ते ठेवा.’ माळ वाढली, हे मात्र खरं. डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून पोटावर आली. हे आरशासमोर उभे राहून तिची लांबी बघायचे. माळ लांब होत गेली आणि हे आणखी पिवळे होत गेले, आणि खाज इतकी, की भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासत उभे राहायचे. शेवटी मी ती माळ कात्रीनं कापली आणि ह्यांना बोईसरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली, पडद्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तिथं पहिल्यांदा कळलं की पोटात स्वादुपिंड नावाचं काहीतरी असतं. हृदय माहीत, किडनी माहीत, लिव्हर तर दारुड्यांमुळं सगळ्या गावाला माहीत. ह्या अवयवाचं नाव आमच्या घरात कुणी कधी रागानंसुद्धा घेतलेलं नव्हतं. स्वादुपिंडाचं डोकं म्हणतात त्या टोकाशी गाठ झाली होती आणि तिनं पित्ताची वाट दाबली होती, म्हणून हे पिवळे. तोंडातून नळी घालून डॉक्टरांनी त्या वाटेत एक बारीकशी नळी बसवली. पंधरवड्यात रंग उतरला. डोळे पांढरे झाले, खाज गेली. लग्नातल्या फोटोइतके बारीक आणि स्वच्छ ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसत होते. इमारतीतल्या बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, वहिनी, भाऊ तर हिरो झाले. हे खूश. ह्यांच्या लेखी आजार तिथं संपला होता.

गाठीचा तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर होता. डॉक्टर म्हणजे पस्तिशीतली एक बाई, शांत, मराठी बोलणारी. तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. ही गाठ, ही रक्ताची मोठी नळी, आणि गाठ हिला टेकलेली. ह्या आजारात बरं होण्याची वाट एकच, ऑपरेशन करून गाठ पूर्ण काढणं, आणि बहुतेक माणसं येतात तेव्हा तीही वेळ निघून गेलेली असते. ‘तुमची अजून गेलेली नाही,’ ती म्हणाली. मी ते वाक्य पदराला बांधून घेतलं.

मग तिनं शुगर कधी निघाली, वजन कधी उतरायला लागलं, हे सगळं विचारलं. मी अभिमानानं सांगत होते, की ह्यांनी चालून चालून उतरवलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, की पन्नाशीनंतर अचानक शुगर निघते आणि त्याबरोबर वजन उतरतं, तेव्हा काही लोकांमध्ये ती ह्याच आजाराची पहिली खूण असते. मी म्हटलं, मग हे तेव्हा का सांगत नाही कुणी? कारखान्यात दरवर्षी रक्त काढतात ते कशाला? ती म्हणाली, ‘नवीन शुगर निघालेल्या बहुतेकांना हा आजार नसतो. सगळ्यांना मशीनमध्ये घालता येत नाही. त्यातले नेमके कोण, हे रक्तावरून आधी ओळखता येईल का, ह्याचंच संशोधन चाललंय. अजून तशी खात्रीची तपासणी नाही.’ मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण भांडायचं कुणाशी? तिनं त्या संशोधनासाठी ह्यांचं थोडं रक्त मागितलं. मी विचारलं, ह्याचा ह्यांना काही उपयोग? ती सरळ म्हणाली, ‘नाही. पुढं कधीतरी दुसऱ्यांना होईल.’ हे बाही वर करून बसलेसुद्धा. मला त्या पुढच्या दुसऱ्यांची अजिबात पर्वा नव्हती. आजही फारशी नाही.

आता भांडणाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर अडलं होतं.

त्या हॉस्पिटलमध्ये एक अभ्यास चालू होता. ह्यांच्यासारखी गाठ असलेल्यांना आधी ऑपरेशन करून मग औषधाची सलाईन द्यावी, की आधी काही महिने सलाईन देऊन गाठ आक्रसवावी आणि मग ऑपरेशन करावं. दोन्हींत शेवटी ऑपरेशन होतंच. प्रश्न एवढाच, की आधी काय. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? डॉक्टरबाई म्हणाली, ‘दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. अशा गाठीत कशानं जास्त फायदा होतो हे आम्हाला नक्की माहीत नाही, म्हणून तर अभ्यास.’ आणि कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवणार नाहीत, पेशंटही नाही, कम्प्यूटर ठरवणार.

मी उभीच राहिले. म्हटलं, बाई, बोईसरच्या डॉक्टरला माहीत नव्हतं म्हणून त्यांनी इथं पाठवलं. तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही कम्प्यूटरला विचारणार. त्याला कुणी शिकवलंय? ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, अभ्यासात यायलाच हवं असं नाही, आलात तरी कधीही बाहेर पडता येतं, बाहेर राहूनही उपचार मिळतील, विचार करून सांगा. आयुष्यभर डॉक्टर लोक मला न सांगता गोळ्या लिहून देत आले. पहिल्यांदा एकीनं ‘माहीत नाही’ म्हटलं, ते ह्या आजारात.

माझा जीव ऑपरेशनवर होता. माझ्या आईची पिशवी काढली होती, तालुक्याच्या गावी, आणि ती त्यानंतर नातवंडांची लग्नं बघून गेली. काढून टाकलं की गेलं, हे माझं सरळ गणित. आणि ह्यांचं अगदी उलटं. ह्यांचा थोरला भाऊ पोटाच्या ऑपरेशनला म्हणून बैलगाडीत बसून हसत गेला होता आणि टेबलावरच राहिला. हे तेव्हा चौथीत होते. तेव्हापासून ह्यांच्या मनात पक्कं बसलं, की आजारानं माणूस काही काळ तरी जगतो, चाकू लागला की संपलं. साधं गळू फोडायला सुद्धा ह्यांनी मला कधी हात लावू दिला नाही.

घरी येऊन आम्ही भांडलो. मी म्हणत होते, अभ्यास-बिभ्यास काही नको, उद्याच ऑपरेशनची तारीख मागू. हे म्हणत होते, अभ्यासात गेलं तर निदान आधी सलाईन मिळायची आशा हाय. मी म्हटलं, आणि कम्प्यूटरनं ऑपरेशन सांगितलं तर? तर म्हणे, ‘तर नाव काढून घेईन. ती बाई म्हणाली नाही का, कधीही बाहेर पडता येतं?’ एवढं बरोबर ध्यानात ठेवलं होतं! शेवटी हे अभ्यासात गेले. सही करताना अभ्यासाचं काम बघणाऱ्या पोरीला म्हणाले, ‘पोरी, तुझ्या मशीनला सांग जरा, म्हाताऱ्याला चाकू नको म्हणून.’ ती हसली आणि म्हणाली, काका, मशीन माझंही ऐकत नाही.

तिचाच फोन आला. मी भाकऱ्या थापत होते. ह्यांनी फोन घेतला, ऐकला, आणि माझ्याकडं बघून असा चेहरा केला, की मला कळलं. आधी सलाईन. आधी सहा महिन्यांची सलाईन, मग मशीनमध्ये पोटाचा फोटो, मग ऑपरेशन. ह्यांनी स्वयंपाकघरात येऊन ऐटीत पाटावर बसकण मारली आणि म्हणाले, ‘वाढ. आज दोन भाकरी खाणार.’ मी वाढलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले. कम्प्यूटरवर रागावून काय मिळणार, नवरा हाताशी होता.

सलाईनचे दिवस मी कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणते. हॉस्पिटलात दिवसभर, आणि मग कमरेला एक बाटली बांधून घरी, ती दोन दिवस थेंबथेंब चालायची. त्या औषधानं थंडी बाधायची. फ्रीजचं दार उघडलं तरी बोटांना मुंग्या. नळाचं पाणी हाताला लागलं की काचा टोचल्यासारखं व्हायचं, म्हणून मी भर उन्हाळ्यात हात धुवायला पाणी कोमट करून द्यायचे. रस्त्यावर ताडगोळे आले होते. ह्यांना भारी आवडायचे. एकदा मी ताडगोळे उन्हात ठेवून गरम केले आणि दिले. ह्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, ‘तुझ्या हातात गेलं की ताडगोळ्याचीपण भाजी होते.’ आम्ही दोघंही हसलो. नंतर हे मोरीत जाऊन ओकले. केस गेले, भुवया विरळ झाल्या, चहाचा कप हातातून सुटायचा. कारखान्यातले मित्र सुरुवातीला यायचे, नंतर येईनासे झाले. मला त्यांचा राग येत नाही. ह्यांच्यात स्वतःचा आरसा बघायला त्यांनाही नको असेल.

पण रक्तातला तो आकडा, आजाराचा, उतरत होता. अभ्यासवाली पोरगी दर वेळी फोन करून सांगायची आणि सांगताना तिचाही आवाज चढायचा. मधल्या फोटोत गाठ जरा बारीक झाली होती. डॉक्टरबाई म्हणाली, असंच राहिलं तर ऑपरेशनवाले डॉक्टर बघतील. त्या दिवसापासून मी उपचारांना शिव्या देणं सोडलं. मनात म्हटलं, कम्प्यूटरला कळत होतं तर. मी ऑपरेशनची तयारी करायला लागले. ह्यांना न सांगता गावाकडून नणंदेला बोलवायचं ठरवलं, दवाखान्यासाठी पातळ धोतरं आणून ठेवली, कारण पोटावर टाके असले की नाडी चालत नाही म्हणे. मी टाक्यांपर्यंत पोचले होते. आणि हे दुसरीकडं दिवस मोजत होते. एकदा जेवता जेवता म्हणाले, ‘एवढी गाठ बारीक झालीय तर राहू दे की तिला. तिचं ती, माझं मी.’ मी म्हटलं, लाज वाटत नाही? सहा महिने मी काय म्हणून हे सगळं उपसलं? ऑपरेशनला उचलून टाकीन तुम्हाला. हे पानातला घास चिवडत राहिले. ते मला दिसत होतं, तरी मी बोलत राहिले. मला त्यांना जगवायचं होतं.

फोटो झाला आणि आठवड्यानं आम्ही गेलो. डॉक्टरबाईच्या खोलीत अभ्यासवाली पोरगीही उभी होती आणि ती आमच्याकडं बघत नव्हती. डॉक्टरबाईनं ह्यांना बसवलं, मला बसवलं, स्वतःची खुर्ची टेबलाच्या मागून काढून आमच्याजवळ आणली. तिनं खुर्ची ओढली तेव्हाच मी समजले.

‘काका,’ ती म्हणाली, ‘मूळची गाठ बारीक आहे. पण लिव्हरवर नवीन डाग दिसतायत. आजार तिकडं पसरलाय. आता ऑपरेशन करून फायदा नाही, उलट त्रासच होईल. म्हणून ऑपरेशन करायचं नाही. अभ्यासातले उपचारही इथं थांबतात. आपण दुसरं औषध देऊन बघू, ते आजार जरा रोखून धरेल, पण बरा करणार नाही.’

एक शब्द तिनं लपवला नाही. सगळं मराठीत, सावकाश सांगितलं.

हे पुढं सरकून बसले. ‘म्हणजे ऑपरेशन नाही?’

‘नाही, काका.’

‘पुढंसुद्धा नाही? नक्की?’

‘नाही.’

ह्यांनी दोन्ही हात जोडले. ‘लई उपकार झाले बाई तुमचे,’ म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, सुटल्याचं. डॉक्टरबाई माझ्याकडं बघायला लागली. ती पुन्हा म्हणाली, ‘काका, मी काय सांगितलं ते कळलं ना? आजार वाढलाय.’ हे म्हणाले, ‘कळलं की. औषध बदलून देताय. घेतो की. सलाईन घेतलीच का नाही सहा महिने, तक्रार केली का?’ आणि उठले सुद्धा. मी तिला डोळ्यांनीच म्हटलं, राहू दे. तिनं मान खाली घातली. अभ्यासवाली पोरगी लिफ्टपर्यंत आली आणि हे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बघ, तुझ्या मशीननं ऐकलं माझं.’ ती पोरगी तोंडाला ओढणी लावून वळली.

पुढं मला कितीतरी जणींनी सांगितलं, अगं त्यांना कळलं असणार, तुझ्यासाठी दाखवलं नसेल. हे ऐकायला बरं वाटतं, म्हणून लोक सांगतात. मी ह्या माणसाबरोबर सगळा जन्म काढला. त्याला पत्त्यातला एक्का लपवता येत नव्हता, चेहऱ्यावर दिसायचा. त्याला काही कळलं नव्हतं. सहा महिने, नव्हे चौथीपासून, ज्याला भीत होता ते टळलं होतं, आणि त्या आनंदापुढं बाकीचं काही त्याच्या कानांत शिरलंच नाही. भीतीनं माणूस बहिरा होतो हे मी ऐकून होते. सुटका झाल्यावरही होतो.

आणि मी? सगळं भांडून, रुसून, देवाला सांगून मी ज्या एका गोष्टीची वाट बघत होते ती आता होणार नव्हती. गाडीत बसल्यावर मी खिडकीबाहेर तोंड केलं. मला त्यांना हलवून सांगायचं होतं, की अहो, तुम्ही सुटला नाहीत, तुम्हाला सोडून दिलंय. तोंडापर्यंत आलं होतं. वैतरणेच्या पुलावर ह्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपले, किती तरी दिवसांनी घोरले. मी ते शब्द गिळले आणि ते तसेच पोटात राहिले. आता ते ज्याला सांगायचे तो माणूसही उरला नाही.

बोईसरला उतरल्यावर हे म्हणाले, पेढे घेऊ. मी म्हटलं, तुम्हाला शुगर आहे. म्हणाले, ‘मी कुठं खातोय, वाटायला घेतोय.’ स्टेशनाबाहेरच्या दुकानातून पुडा घेतला आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबत, धापा टाकत, दारं वाजवत वर आले. ‘ऑपरेशन कॅन्सल झालं!’ खालची शेजारीण, तिचा नवरा लाल प्लांटवर आहे, हात जोडून म्हणाली, ‘भगवान ने सुन ली, भाई साब.’ समोरच्या म्हाताऱ्यानं ह्यांना मिठी मारली. नणंदेचा फोन लागला, ती तिकडं रडायला लागली आनंदानं आणि म्हणाली, वहिनीला दे, वहिनीनं जीव लावला म्हणून हे झालं. मी फोन घेतला आणि हो हो म्हणाले. माणसं येत होती, मी चहा ठेवत होते, पुन्हा आधण ठेवत होते. कुणाला काही सांगायचं तर ह्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं.

सगळे पांगल्यावर हे स्वयंपाकघरात आले. पुड्यात शेवटचा एक पेढा होता. तो त्यांनी मुंग्या आलेल्या बोटांनी उचलला, दोनदा पुड्यात पडला, तिसऱ्यांदा माझ्या तोंडात घातला. भिंतीला टेकून उभे राहिले आणि मिश्किलपणे बघत म्हणाले, ‘सहा महिने नुसती ऑपरेशन, ऑपरेशन. आता बोल. शेवटी माझंच खरं झालं का नाही?’

आमच्या संसारात मी कधी माघार घेतली नव्हती. मीठ कमी पडलं म्हणून नाही, घर कुठल्या मजल्यावर घ्यायचं म्हणून नाही. मी पेढा गिळला आणि म्हटलं, ‘झालं. तुमचंच खरं झालं.’

त्यांचा विश्वासच बसेना. ‘काय म्हणालीस? पुन्हा एकदा म्हण,’ म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. तसे ते भिंतीचा आधार घेत घेत दारापर्यंत गेले आणि समोरच्या म्हाताऱ्याला हाक मारून सांगायला लागले, की अहो ऐकलंत का, आज हिनं हार मानली.